नाशिकमधील एका ॲथलेटिक्स केंद्राविषयी, एका पारलिंगी मुलीच्या आईचा अभिप्राय

शालेय मुलांना धावणे, उड्या आणि फेकीचे प्रकार शिकवणाऱ्या नाशिकमधील एका खासगी केंद्राविषयी हा अभिप्राय आहे. माझी मुलगी पारलिंगी (ट्रान्सजेंडर) आहे, म्हणजे जन्मावेळी तिची नोंद मुलगा अशी झाली पण ती मुलगी म्हणून जगते; ती सातवीत शिकते आणि गेल्या उन्हाळी सुट्टीपासून या केंद्रात ६०० मीटर धावण्याचा सराव करते. केंद्राचे नाव मी दिलेले नाही, कारण मैदान आणि बॅचची वेळ कळली की तिथल्या मुलांतून तिला ओळखून काढणे कोणालाही अवघड जाणार नाही, आणि आपली ओळख कोणापुढे, कधी उघड करायची हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे. तरीही सविस्तर लिहिते आहे, कारण पारलिंगी मुलाला मैदानावर पाठवावे की नाही अशा विचारात असलेल्या आईवडिलांनी क्लास निवडताना नेमके काय पाहावे आणि काय विचारावे, हे मला शोधूनही मराठीत कुठे वाचायला मिळाले नव्हते.

आधी सर्वच पालकांच्या उपयोगाचे सांगते. केंद्राने एका शिक्षणसंस्थेचे मैदान भाड्याने घेतले आहे. ट्रॅक मुरमाचा आहे आणि पावसाळ्यात आतल्या दोन लेन चिखलामुळे वापरता येत नाहीत. शुल्क महिन्याला हजार-बाराशेच्या घरात आहे, स्पाइक्सचा (खिळ्यांच्या बुटांचा) खर्च वेगळा, आणि पहिले काही महिने स्पाइक्स घेऊ नका असे केंद्र स्वतःहून सांगते. पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण-तरुणी येतात, संध्याकाळी शाळकरी मुले. मुख्य प्रशिक्षक, ज्यांना सगळे सर म्हणतात, स्वतः राज्य पातळीवर ८०० मीटर धावलेले आहेत. त्यांच्या जोडीला मुलींकडे विशेष लक्ष देणाऱ्या एक ताई आणि हंगामाप्रमाणे येणारे साहाय्यक असतात. शिकवणे उत्तम आहे. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून आपल्या जिल्ह्यात धावणे म्हटले की लांब पल्ल्याचे धावणे असा एक समज झाला आहे, आणि पुष्कळ ठिकाणी दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही रोज पाच-सहा किलोमीटर पळवले जाते. इथे तसे करत नाहीत. गुडघा उचलण्याची, पाय टेकवण्याची, हात चालवण्याची शिस्त आधी अंगात मुरवतात आणि मग अंतर वाढवतात. माझ्या मुलीची धाव वर्षभरात जी सुधारली ती मुख्यतः यामुळे, आणि तिच्या पारलिंगी असण्याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. हे मुद्दाम नोंदवते, कारण अशा मुलांविषयी बोलताना त्यांचे खेळणे मागे पडते आणि त्यांचे शरीरच तेवढे चर्चेत राहते.

प्रवेशाच्या दिवशी जे घडले त्यावरून मी या केंद्राविषयी पहिले मत बनवले. प्रवेशअर्जात लिंगाच्या रकान्यात मुलगा, मुलगी आणि पारलिंगी असे तीन पर्याय होते आणि त्याखाली ‘उत्तर देणे ऐच्छिक’ अशी ओळ होती. सरांनी माझ्याशी दोन शब्द बोलून झाल्यावर सगळे प्रश्न मुलीलाच विचारले: दम लागतो का, फिट येते का, शाळेतून आल्यावर काय खातेस, याआधी कुठे धावली आहेस. मग म्हणाले, “मैदानावर तुला कोणत्या नावाने हाक मारायची?” तिने नाव सांगितले. आधार कार्डावरच्या नावांची यादी वेगळी असते, ती कार्यालयातल्या कपाटात राहते. मैदानावर रोज जी वही फिरते तिच्यात हाक मारण्याचे नाव तेवढे असते. ही सोय केवळ तिच्यासाठी केलेली नव्हती. पिंकी, बाळू, सोनू अशी घरची नावे लावणारी मुलेही त्या वहीत आहेत. शेवटी त्यांनी विचारले, “हे इथे कोणाकोणाला माहीत असलेले तुला चालेल?” तिने सर आणि ताई एवढेच सांगितले, आणि ते त्यांनी आमच्यासमोर एका कागदावर लिहून घेतले. ओळखपत्र किंवा दाखला कोणी मागितला नाही. २०१९ च्या कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाच्या वतीने आईवडील जिल्हाधिकाऱ्यांकडे ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करू शकतात, आणि पुढे शाळेच्या कागदपत्रांत त्याचा उपयोग होतो. परंतु संध्याकाळी तासभर धावायला येणाऱ्या मुलाकडे ते मागण्याचे कारण नाही, हे या केंद्राला कळले आहे.

कायद्याचा विषय निघाला आहे तर थोडे स्पष्ट लिहिणे गरजेचे आहे, कारण पुष्कळ पालकांना आणि खुद्द क्रीडाशिक्षकांनाही हे माहीत नसते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला. त्यानंतर पारलिंगी व्यक्ती (हक्क संरक्षण) अधिनियम २०१९ मध्ये संमत झाला आणि जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम १३ मध्ये खेळांचा उल्लेख नावाने आहे: शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने पारलिंगी व्यक्तींना भेदभाव न करता, इतरांच्या बरोबरीने, सर्वसमावेशक शिक्षण आणि खेळाच्या, करमणुकीच्या व विरंगुळ्याच्या संधी दिल्या पाहिजेत. खासगी क्लास शिक्षणसंस्थेच्या व्याख्येत बसत नसला, तरी सर्वसाधारण जनतेसाठी असलेली सेवा किंवा सुविधा नाकारण्यास कलम ३ मनाई करते. म्हणजे तत्त्व निश्चित झालेले आहे. मैदानावर उभ्या असलेल्या शिक्षकाने सोमवारी सकाळी प्रत्यक्ष काय करायचे, हे मात्र त्यात लिहिलेले नाही. एनसीईआरटीने २०२१ मध्ये शिक्षकांसाठी या विषयावर एक प्रशिक्षण साहित्य तयार केले होते, परंतु राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने हरकत घेतल्यानंतर ते काही दिवसांतच संकेतस्थळावरून काढले गेले. अशा परिस्थितीत या केंद्राने आपल्या साहाय्यकांसाठी मराठीत तीन पानांची नियमावली स्वतः लिहून काढली आहे, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मागितल्यावर ती पालकांनाही वाचायला देतात.

त्या नियमावलीतले बरेचसे नियम कोणत्याही शाळेला एका दिवसात लागू करता येतील इतके साधे आहेत. कपडे बदलण्याचेच उदाहरण घ्या, कारण पालकांची पहिली चिंता तीच असते आणि वादाचा पहिला मुद्दाही तोच असतो. मैदानाच्या कडेला मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक अशा दोन खोल्या पूर्वीपासून आहेत. हर्डल्स, गोळे आणि दोरखंड ठेवण्याच्या कोठारालगत एक अरुंद खोली रिकामी होती. तिला आतून कडी बसवली, एक खुंटी आणि एक दिवा लावला, आणि बाहेर ‘एका वेळी एक’ अशी पाटी लावली. ती खोली कोणीही वापरू शकते. दुखापतीला पट्टी बांधायची असलेला, अंगावर भाजल्याचा डाग असल्यामुळे सर्वांसमोर कपडे बदलायला लाजणारा, पाळी आलेली मुलगी, सगळेच तिथे जातात, आणि त्यामुळे तिथे जाण्यावरून कोणाविषयीही काही ठरत नाही. माझी मुलगी तीच खोली वापरते. इतर मुलींच्या पालकांच्या मनातली अस्वस्थताही त्यामुळे वाढली नाही. त्या खोलीला आलेला खर्च एका चांगल्या स्टॉपवॉचपेक्षा फार जास्त नसावा.

दुसरा नियम असा की कोणत्याही मुलाच्या शरीराविषयी मैदानावर प्रश्न विचारायचा नाही, तपासणीची भाषा करायची नाही, आणि शंका असेल तर ती मुलाकडे न नेता आधी सरांकडे न्यायची. सर स्वतः ८०० मीटरचे धावपटू असल्यामुळे हा नियम शिकवताना ते शांती सौंदराजन यांची हकिकत सांगतात. तमिळनाडूच्या या धावपटूने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले होते. लिंगचाचणीनंतर ते काढून घेतले गेले आणि तिच्या शरीराची चर्चा देशभर झाली. शांती पारलिंगी नव्हेत, त्यांचा प्रश्न निराळा होता, आणि सर ते स्पष्ट करूनच सांगतात. परंतु एकदा का मुलीने मुलगी असल्याचा पुरावा द्यावा अशी पद्धत पडली की तिचा फटका पारलिंगी मुलींपुरता राहत नाही. उंच, दणकट, केस बारीक कापलेल्या प्रत्येक मुलीकडे बोट दाखवले जाते. अमेरिकेतील आयडाहो राज्याने २०२० मध्ये पारलिंगी मुलींना मुलींच्या संघांतून वगळणारा त्या देशातला पहिला कायदा केला, तेव्हा खेळाडूच्या लिंगाविषयी वाद निर्माण झाल्यास वैद्यकीय तपासणीने तो सोडवण्याची तरतूद त्यात ठेवली होती. शाळेच्या मैदानावर अशी तरतूद म्हणजे कोणत्याही मुलीला हरकतीचा विषय करण्याची मुभा आहे, असे माझे ठाम मत आहे.

आता ज्या कारणासाठी मी या केंद्राला मनापासून गुण देते, ते. सरावाचे गट इथे मुलगा-मुलगी असे पाडलेले नाहीत. दर काही आठवड्यांनी ६०० मीटरची वेळ घेतात आणि जवळपासच्या वेळा असलेली मुले एका गटात धावतात. माझ्या मुलीच्या गटात मुलगे आहेत, मुली आहेत, तिच्याहून वर्षाने मोठी आणि वर्षाने लहान मुले आहेत. या वयात मुलामुलींच्या वेळांत फरक थोडा असतो आणि तो वयात येण्याबरोबर वाढत जातो, त्यामुळे अशी रचना खेळाच्या दृष्टीनेही योग्यच आहे. आपल्याहून किंचित वेगवान कोणीतरी पुढे असले की मूल चांगले धावते. मुलीला पूर्वीच्या शाळेत पी.टी.च्या तासाला ‘मुलगे इकडे, मुली तिकडे’ असे म्हटले की कोणत्या रांगेत उभे राहावे हे कळत नसे आणि ती पोट दुखते म्हणून वर्गात बसून राही. इथे ती रांगच नाही. शालेय खेळांतील पारलिंगी मुलांच्या सहभागाविषयी जो काही वाद आपण ऐकतो तो जवळजवळ सगळा पदकांचा आणि अंतिम फेरीचा असतो. मुलांचे खेळणे मात्र बहुतांशी सराव, वॉर्मअप, एकमेकांच्या वेळा विचारणे, घामाघूम होऊन पाण्याच्या टाकीपाशी भांडणे असे असते, आणि त्यातल्या कशासाठीही लिंगाप्रमाणे गट पाडावे लागत नाहीत. स्पर्धेचा प्रश्न सुटला नाही म्हणून सरावाचे दार बंद ठेवण्याची गरज नाही, हे या केंद्राने कृतीने दाखवले आहे.

स्पर्धेचा प्रश्न आहे, आणि तो खरा आहे. त्याबाबतीत केंद्राने आम्हाला पोकळ आश्वासन दिले नाही. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील वयोगटांत, मुलगे आणि मुली अशा दोनच विभागांत होतात. प्रवेशिका शाळेमार्फत जातात आणि शाळेच्या नोंदीप्रमाणे जातात. खासगी केंद्राच्या हातात तिथे काही नसते. सरांनी पहिल्याच महिन्यात मला बसवून हे सांगितले, आणि पुढचेही सांगितले: वयात आल्यानंतर पुरुष शरीराला धावण्यात मिळणारा फायदा मोठा असतो. ८०० मीटरचा पुरुषांचा जागतिक विक्रम १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा आहे आणि स्त्रियांचा १ मिनिट ५३.२८ सेकंदांचा, म्हणजे फरक सुमारे १२ टक्क्यांचा. वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेने मार्च २०२३ मध्ये, पुरुषांप्रमाणे वयात आलेल्या पारलिंगी स्त्रियांना आपल्या जागतिक मानांकनाच्या स्पर्धांत स्त्रियांच्या गटातून वगळण्याचा निर्णय घेतला. मोठे होऊन देशासाठी धावायचे स्वप्न माझी मुलगी पाहत असेल, तर या भिंतीची कल्पना तिला वेळीच यावी असे त्यांचे म्हणणे होते. ऐकताना मला जड गेले, पण खोट्या आशेपेक्षा हे बरे. त्याच वेळी त्यांनी हेही सांगितले की आंतरराष्ट्रीय पातळीवरचा नियम तालुक्याच्या स्पर्धेत उतरणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला जसाच्या तसा लावणे चुकीचे आहे, कारण तो नियम ज्या फायद्यावर आधारलेला आहे तो फायदा या वयात बहुतेक मुलांमध्ये नुकता कुठे सुरू होत असतो.

आपल्या देशातही याविषयी न्यायालयात प्रश्न गेलेला आहे. केरळमध्ये एका पारलिंगी स्त्रीला जिल्हा ज्यूदो स्पर्धेत स्त्रियांच्या गटात उतरायचे होते; २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने असे म्हटले की पारलिंगी खेळाडूंसाठी स्वतंत्र गटाची सोय नसेल, तर तिने निवडलेल्या गटात तिला खेळू द्यावे लागेल. महाराष्ट्रात शालेय स्पर्धांतील यशावर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण अवलंबून असतात आणि पुढे शासकीय नोकरीतले खेळाडूंचे पाच टक्के आरक्षणही, तेव्हा स्पर्धेतून वगळणे हे केवळ एका शर्यतीतून वगळणे नसते. ज्या मुलींचे पालक आपल्या मुलीची अंतिम फेरीतली जागा जाईल म्हणून काळजी करतात, त्यांच्या काळजीचे कारणही हेच आहे, आणि मी ती क्षुल्लक समजत नाही.

केंद्रात हा प्रसंग आलाच. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर अमेरिकेतील पारलिंगी धावपटूंच्या शर्यतींच्या चित्रफिती फिरू लागल्या. कोणाच्या तरी कानावर काही आले असावे. सरांनी कोणाचेही नाव न घेता सभा बोलावली. एका वडिलांचा सूर सुरुवातीला चढा होता. त्यांची मुलगी मेहनती आहे, तिचे नुकसान होऊ नये एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि ते त्यांनी सभ्यपणे मांडले. सरांनी उत्तर दिले की सरावात कोणाची जागा कोणी घेत नाही, आणि केंद्राच्या स्वतःच्या वार्षिक स्पर्धेत कोणतीही मुलगी कोणामुळेही अंतिम फेरीतून बाहेर राहणार नाही अशी व्यवस्था करू. ती कशी, हे त्यांनी तेव्हा सांगितले नाही, पण वार्षिक स्पर्धेत दिसले: सगळ्या धावा वेळेनुसार लावल्या, प्रत्येक धावेतील पहिल्या तिघांना पदक दिले आणि त्याशिवाय स्वतःच्या जुन्या वेळेत सर्वाधिक सुधारणा करणाऱ्यांना वेगळे बक्षीस ठेवले. त्या वडिलांच्या मुलीलाही पदक मिळाले आणि माझ्या मुलीलाही.

अशी वाट काढण्याचा प्रयत्न मोठ्या पातळीवरही झालेला आहे. मे २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या शालेय क्रीडा संघटनेने क्लोव्हिस येथील राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत असा नियम केला की पारलिंगी मुलीच्या सहभागामुळे जी मुलगी पुढच्या फेरीला मुकली असती तिला जादा जागा देऊन घ्यायचे. पदकाच्या मंचावरही दोघींना एकत्र उभे केले गेले. एक जादा जागा आणि एक जादा पदक एवढाच त्याचा खर्च होता. हा उपाय परिपूर्ण आहे असे मी म्हणणार नाही, दोन्ही बाजूंनी त्यावर टीका झाली. पण त्यात कोणत्याही मुलीला घरी बसवले गेले नाही. आणि प्रश्नाचा आकार किती याचे भान ठेवणेही आवश्यक आहे. युटा राज्याचे गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स यांनी २०२२ मध्ये पारलिंगी मुलींना मुलींच्या स्पर्धांतून वगळणाऱ्या विधेयकावर नकाराधिकार वापरताना लिहिले होते की राज्यातील माध्यमिक शाळांत खेळणाऱ्या ७५,००० मुलांत पारलिंगी मुले चार आहेत आणि त्यांतली एकच मुलींच्या स्पर्धांत खेळते. विधिमंडळाने तो नकार डावलून कायदा केलाच.

पहाटेच्या बॅचचा मी वर उल्लेख केला, त्याचाही या विषयाशी संबंध आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर राज्य शासनाने पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र पर्याय देण्याचे आणि शारीरिक चाचणीचे निकष ठरवण्याचे मान्य केले. तेव्हापासून या मैदानावर भरतीची तयारी करायला पारलिंगी उमेदवारही येतात असे सरांनी सांगितले, आणि केंद्राला या विषयाची जी जाण आहे ती मोठ्या प्रमाणात त्या उमेदवारांना शिकवताना आली आहे. रविवारी दोन्ही बॅच एकत्र येतात. तिथे घाम गाळणारी, नोकरीसाठी जिद्दीने धावणारी मोठी माणसे पाहणे माझ्या मुलीला मिळाले, याचे मोल मला शुल्काच्या हिशेबात मांडता येत नाही.

उणिवाही आहेत, आणि त्या लहान नाहीत. सर्वात गंभीर उणीव छायाचित्रांची. केंद्र आपल्या फेसबुक आणि इन्स्टाग्राम पानांवर सरावाची व स्पर्धांची छायाचित्रे सर्रास टाकते; प्रवेशाच्या वेळी नावाबाबत एवढी काळजी घेणाऱ्यांनी छायाचित्रासाठी मात्र परवानगी विचारली नव्हती. माझ्या मुलीचे एक छायाचित्र तिच्या नव्या नावासह तिथे आले आणि तिच्या शाळेतल्या मुलांनी ते पाहिले. आम्ही सांगितल्यावर ते तासाभरात काढले गेले, पण तोवर व्हायचे ते झाले होते. पुढचे काही दिवस तिने मैदानावर येण्याचे टाळले. आता संमतिपत्राचा नमुना तयार झाला आहे, मात्र तो सही करून परत घेण्याचे काम अजून ढिलाईने चालते. प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक पालकाने तो स्वतःहून मागून घ्यावा.

दुसरी उणीव हंगामी साहाय्यकांची. उन्हाळी शिबिरात मुले तिप्पट होतात, तेवढ्यापुरती नवी माणसे घेतली जातात आणि तीन पानांची ती नियमावली त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नसते. शिबिराच्या एका स्पर्धेत ध्वनिक्षेपकावर कार्यालयातली यादी वाचली गेली, मैदानावरची वही नाही. नाव पुकारल्यावर माझी मुलगी उठली नाही आणि तिची धाव गेली. ताईंनी नंतर तिला एकटीला धावू देऊन वेळ नोंदवली. ताईंचा हेतू चांगला होता, परंतु एकट्याने घड्याळाविरुद्ध धावणे म्हणजे शर्यत नव्हे, आणि ज्या केंद्राचे वैशिष्ट्यच नावाचा मान राखणे हे आहे त्याच्याकडून ही चूक अपेक्षित नव्हती.

तिसरी गोष्ट पारलिंगी मुलग्यांची, म्हणजे जन्मावेळी मुलगी अशी नोंद झालेल्या मुलग्यांची आहे. त्यांचा विचार इथेही कमी झालेला दिसतो, आणि एकूणच या चर्चेत त्यांची आठवण कोणाला येत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहात झाकणाचा डबा आणि सॅनिटरी पॅड आहेत, ‘एका वेळी एक’ पाटीच्या खोलीत ते नव्हते. पाळी येणारा पारलिंगी मुलगा तिथे गेला तर त्याची अडचण होईल. गणवेशाचा टी-शर्ट अंगाला चिकटून बसणारा आहे आणि सैल मापाचा मिळत नाही. छाती घट्ट आवळून बांधणे आणि त्याच अवस्थेत धावणे फुप्फुसांसाठी धोक्याचे असते, याविषयी नियमावलीत एक ओळही नाही, वास्तविक प्रशिक्षकाला हे ठाऊक असलेच पाहिजे. हे सगळे मी लेखी कळवले आहे. डब्याची सोय झाली, बाकी अजून नाही. केंद्राकडे लेखी तक्रार स्वीकारण्याची ठरलेली पद्धत नाही, सर भेटतील तेव्हा बोलायचे, आणि सर गावाला असले की काम थांबते.

पाचपैकी मी चार गुण देते; छायाचित्रांची शिस्त लागली आणि उन्हाळ्यातल्या साहाय्यकांना नियमावली वाचून दाखवण्याची पद्धत पडली तर पाचवाही देईन. मुलाला मुख्यतः जिल्हा आणि राज्य स्पर्धांतून पुढे न्यायचे असेल त्यांनी आधी शाळेशी बोलावे, शाळेच्या नोंदींचे काय करता येईल ते पाहावे आणि मगच कोणत्याही केंद्राकडे जावे, कारण तो प्रश्न केंद्र सोडवू शकत नाही. ज्यांना मूल रोज धावावे, दमावे, त्याला मित्र मिळावेत एवढेच हवे आहे त्यांनी आपल्या गावातल्या क्लासला तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: मैदानावरच्या हजेरीत कोणते नाव असते, कपडे बदलायला आतून कडी लागणारी एक खोली आहे का, आणि सरावाचे गट कशावरून पाडता.